मापातली मुलगी

माझ्या तरुणपणातली दोनेक वर्षं मी उभ्याने काढली. शब्दशः उभ्याने. सिंगापुरात कातोंगमधल्या एका जुन्या दुकानाचा वरचा मजला, पायाखाली घासून घासून गुळगुळीत झालेल्या लाकडी फळ्या, अंगावर मांजरपाटाचा अर्धवट टाचलेला झगा, आणि तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरणारी एक इंग्लिश बाई. अजूनही कुणी "जरा उभी राहा" म्हटलं की माझे हात अंगापासून चार बोटं लांब जातात आणि हनुवटी आपोआप वर होते. पुंगोलला लेकीकडे गेले की धाकटी नात मला लिफ्टच्या आरशात बघून म्हणते, "आजी, व्हाय यू स्टँड लाइक दॅट, लाह?" तिला काय सांगणार कप्पाळ. सांगायचं म्हटलं तर आधी माझ्या आईबद्दल सांगावं लागेल, आणि ते मी आजवर टाळत आले. आता आई नाही, बाबा नाहीत. ती इंग्लिश बाई तिकडे कुठल्याशा समुद्रकाठच्या गावात म्हातारी होऊन सुखाने राहते म्हणे. तेव्हा लिहून टाकते एकदाचं.

तिचं नाव पिपा. आडनाव लिहीत नाही, कारण ते पुढे कपड्यांच्या आतल्या लेबलवर विणलं गेलं आणि लंडनच्या बऱ्यापैकी दुकानांतून टांगलं गेलं. बाबा पहिल्या दिवसापासून तिला 'रॉकेलची पिपाबाई' म्हणत. तिच्या माघारी अर्थात. ती समोर आली की खुर्चीतून उठून उभे राहत. पिपा लंडनला एका मोठ्या दुकानाच्या शिवणखात्यात शिकली होती, स्वतःच्या नावाने कपडे काढायला लागली होती, एवढ्यात नवऱ्याची जहाजकंपनीत सिंगापूरला बदली झाली आणि तिचं बस्तान मोडलं. इतर साहेबांच्या बायका क्लबात पत्ते खेळत तेव्हा हिने दुकानावरची जागा भाड्याने घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माप देऊन शिवून घेणाऱ्या बायकांना ती दारातूनच परत पाठवायची. म्हणायची, "एका बाईला बसणारा कोट कुणीही शिवेल. जिला मी जन्मात पाहणार नाही, तिला माझा कोट बसला पाहिजे." तयार कपड्यांचा सगळा धंदा या एका वाक्यात आहे, आणि मी पुढे तीस वर्षं त्याच धंद्यात काढली असल्यामुळे सांगते, ते खरं आहे. फक्त त्यासाठी एक जिवंत अंग लागतं. कागदावरचे आकडे वाकत नाहीत, बसत नाहीत, त्यांना काखेत काचत नाही. एका मुलीच्या अंगावर सगळं बसवायचं, मग त्यावरून लहान-मोठी मापं काढायची. पिपाचा दहा नंबर म्हणजे मी होते.

पण आधी घर. आम्ही मरीन परेडला राहायचो, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आता तिथे एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आलीय. तेव्हा बससाठी ताटकळत उभं राहायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसे आणि त्यावर रांगेने खोळंबलेली जहाजं. शेजारी चिनी कुटुंब होतं, त्यांच्याकडे दुपारभर माजाँगच्या सोंगट्या खळखळत. आई म्हणायची, "बघ, यांचं तांदूळ निवडणं चाललंय." बाबा बँकेत हिशेबाच्या खात्यात. घरात आम्ही तिघंच, पण आई स्वयंपाक करायची तो दारात मांडव घातल्यासारखा. सुपरमार्केटमधलं लोणी आणून ती घरी तूप कढवायची, आणि त्या दिवशी लिफ्टमधून उतरतानाच कळायचं की आज आपल्याकडे तूप झालंय. टेक्काच्या देशी बाजारातून मेथी आली की तिच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखं समाधान. तिने मला कधी जवळ घेतलं, पापा घेतला, असं मला आठवत नाही. तिचं सगळं प्रेम डावातून यायचं.

आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याला माझी गोष्ट कळायची नाही, म्हणून थांबून सांगते. आमच्यात पहिल्या 'पुरे'ला काही किंमत नसते. वाढणारीने डाव पुढे करायचा, जेवणाऱ्याने "पुरे" म्हणायचं, वाढणारीने "घ्या हो, एवढ्याने काय होतंय" म्हणत वाढायचंच. दुसऱ्या 'पुरे'ला डाव क्षणभर अडखळतो. ताटावर आडवा हात धरून तिसऱ्यांदा म्हटलंत तरच ते खरं. मी लहानपणापासून पहिलं 'पुरे' म्हणत आले ते चालीरीत म्हणून. 'पुरे' म्हटलं नाही तर हावरट दिसतं. आई त्याच्यावर म्हणायची, "पुरे काय पुरे, वाढत्या अंगाची आहेस," आणि भाताच्या मुदीवर तुपाची धार. आमच्या घरात हा संवाद दिवसातून दोनदा व्हायचा. आम्हा मायलेकींचं दुसरं बोलणं फारसं होतही नसे.

शाळा संपली होती, निकाल लागायचा होता, आणि मला कपडे बेतायला शिकायचं होतं. शिवायला नाही हो, बेतायला. सपाट कापडाचा तुकडा माणसाच्या अंगाभोवती गोल कसा होतो, याचं मला लहानपणापासून वेड. पिपाच्या दारावर 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी बघून मी वर गेले. तिने मला काही विचारलंच नाही. नुसती बघत राहिली, मग टेप घेऊन उठली, छाती, कंबर, पाठ, मुंढा, सगळं मोजलं, आणि हसून आपल्या शिवणाऱ्या बाईला, आंटी टानला, म्हणाली, "बघ, आपली सापडली." ठरलं ते असं: सकाळी मी उभं राहायचं, दुपारी ती मला बेतायला शिकवणार. आणि काम वाढलं, लंडनची दारं पुन्हा उघडली, की ती मला बरोबर घेऊन जाणार, तिकडच्या कॉलेजात घालणार. मी जिना उतरले ती तरंगतच.

परक्या बाईकडे मुलगी पाठवायची तर घर बघायला हवं, म्हणून आई पैठणी नेसून, चिवड्याचा डबा घेऊन, स्वतः पिपाचा कारखाना बघून आली. पिपाने तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तिच्या ब्लाउजच्या बाहीची शिवण बघून "सुंदर" म्हणाली. झालं, आई विरघळली. त्यानंतर पिपा आमच्याकडे जेवायला येऊ लागली. पहिल्यांदा तिने "नो, थँक यू" म्हटलं आणि आईने अर्थातच वाढलं. दुसऱ्यांदा तिने दोन्ही हात ताटावर धरले आणि आईने तिच्या बोटांवर तूप सोडलं. पिपा खो खो हसली. पुढे तीच आम्हाला सांगायची की तिसऱ्या खेपेला हात आडवा धरायचा. बाबांनीही मान्य केलं की बाई हुशार आहे, आपली रीत उचलली. आईने पुण्याला आत्याला फोनवर सांगितलं, "शुभा इंग्लिश बाईंकडे फिटिंगला असते." आत्याने घाबरून विचारलं, "अगं बाई, फिट कधीपासून येते तिला?" ते ऐकून आम्ही तिघं पोट धरधरून हसलो होतो. आमच्या घरात सगळे मिळून तसे हसलो, ते तेव्हाचंच मला आठवतं.

काम मला आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. लोकांना वाटतं उभं राहण्यात काय आहे. पिपा एक टाचणी लावायची आणि विचारायची, "कुठे बोलतंय?" मग मी सांगायचं, डाव्या मुंढ्यात ओढतंय, बसलं की मागून वर चढतंय, इथे कापड उगाच आहे. महिन्याभरात मला न बघता कळायला लागलं की चूक खांद्यात आहे पण दिसतेय कमरेत. पिपा खूश व्हायची, म्हणायची, तुझं अंग बोलतं. दुपारचं शिकवणं मात्र आज नको उद्या होत गेलं. कधी कापड आलं नाही, कधी गिऱ्हाईक आलं. दुपारी मी टाचण्या वेचायची, कागद गुंडाळून ठेवायची आणि पिपा कात्री चालवत असेल तेव्हा टेबलाच्या कडेला उभी राहून बघायची. जे शिकले ते असं चोरून बघून. तिचा हात मात्र विलक्षण होता. तिच्याबद्दल मनात इतकं साठलेलं असूनही तिच्या कात्रीला मी आजही नावं ठेवणार नाही.

आणि एके दिवशी, साधा आमटी-भाताचा दिवस, आईने डाव पुढे केला, मी सवयीने "पुरे" म्हटलं, आणि आईने डाव मागे घेतला.

मी वर बघितलं. ती ओट्याकडे वळली होती. मला वाटलं, विसरली असेल, दूध उतू जात असेल. संध्याकाळी पुन्हा तेच. पोळी एक वाढली, "अजून?" असं विचारलं. विचारलं! माझ्या जन्मात आईने मला विचारलं नव्हतं. मी "नको" म्हटलं, ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी भातावर तूप नव्हतं. आठवड्याने आमटीत गूळ नव्हता, बटाट्याची भाजी होईनाशी झाली, पुरणाच्या पोळीत पुरण शोधावं लागायला लागलं. आपल्या हाताने वाढून घ्यावं तर ती रीत आमच्या घरात नव्हती, पातेली ओट्यावर आणि आई त्यांच्यासमोर. आणि मागायचं कसं? परक्या घरी माणूस मागून खाईल एक वेळ. स्वतःच्या आईसमोर ताट धरून "मला अजून दे" म्हणायचं, हे माझ्याच्याने होईना. तिला ते कळायला हवं होतं. तेच तर तिचं काम होतं.

मी माझ्या मनाने अर्थ लावला. त्या दिवसांत बाबांच्या बँकेत माणसं कमी करतायत अशी बोलणी चालायची. मला वाटलं, बाबांची नोकरी धोक्यात आहे, आई मूग गिळून बसलीय आणि घर सांभाळतेय. एकदा हे डोक्यात बसल्यावर मी इतकी शहाणी मुलगी झाले की विचारू नका. पहिल्याच 'पुरे'ला खरा अर्थ द्यायला लागले. हॉकर सेंटरवरून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरून, येताना भज्यांचा वास आला की मी नाक दाबून पुढे जायची. गणपतीला मराठी मंडळात बायकांनी माझे दंड चाचपून म्हटलं, "अगो बाई, किती वाळलीस गं." आई शेजारीच होती. म्हणाली, "या वयात ताणतातच मुली, उंची येते ना." मी तिच्याकडे बघितलं, तिने नजर चुकवली, आणि मला वाटलं, बिचारी, घरची लाज झाकतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या वेळी, तिच्यासाठी.

मग एका सकाळी कारखान्यात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी टाचण्यांसकट खाली बसले. पिपा बाहेर गेली होती. आंटी टानने मला भिंतीला टेकवलं, दंडात घुसलेल्या टाचण्या काढल्या, गरम दुधातल्या मायलोचा मग हातात दिला. मी म्हटलं, "घरी थोडी अडचण आहे, म्हणून जेवण कमी." तिने मला वेड्यात काढलं. "अडचण कसली? यू सो ब्लर, लाह. युवर मम्मी नेव्हर टेल यू, मेह?" आणि मग तिच्या तुटक इंग्रजीत तिने सांगितलं ते असं: दर सोमवारी पिपा या इथूनच माझ्या आईला फोन करते. मुलगी किती भात खाते, गोड खाते का, कमरेला ब्लाउज घट्ट झाला का. आई सगळं सांगते. मागे एकदा पिपा फोन ठेवून म्हणाली होती, "या आया हिऱ्यासारख्या असतात. सांगितलं की ऐकतात." आंटी टानला वाटलं होतं, मला ठाऊकच असणार, ठाऊक नसताना कुणी एवढी उपाशी राहील का?

मी भर दुपारी घरी गेले. आई परातीत कणीक मळत होती.

"सोमवारी तुला फोन कुणाचा येतो?"

तिचे हात थांबले नाहीत. "पुष्कळांचे येतात."

"पिपाचा येतो का?"

"येतो," ती म्हणाली. "चौकशी करतात त्या. आपल्या मुलीची कुणी चौकशी केली तर वाईट काय त्यात?"

"मी किती गिळते त्याची चौकशी?"

तेव्हा ती परात सरकवून खाली बसली. कणकेचे हात तसेच हवेत. म्हणाली, "हे बघ शुभे, आधी ऐकून घे. त्या म्हणाल्या, हिच्या अंगावर माझी सगळी बेतणी आहे. हिचं वाढतं अंग, इंचभर सरकलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आहे त्या मापात राहिली तर मी हिला लंडनला नेणार. पण तिला सांगू नका, या वयाच्या मुली सांगितलं की हट्टाला पेटतात. मला पटलं."

"तुला पटलं."

"मग काय करायचं होतं मी? आपल्या ओळखीत कुणाची मुलगी लंडनला गेलीय? तुझ्याच भल्याचं होतं ना? तोंडाने सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, आई मोजून वाढते."

"मोजूनच वाढत होतीस तू. मला वाटलं बाबांची नोकरी जातेय."

"काहीतरीच काय! त्यांच्या नोकरीला काय धाड भरलीय?" ती खरंच चकित झाली होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांच्या ताटाकडे मी कधी बघितलंच नव्हतं, कारण बाबा हल्ली माझ्या आधी जेवून घ्यायचे. मी यायच्या आत. तूप अजून घरात कढत होतं, वास जायला खिडक्या उघड्या ठेवत होते. बाबांना संध्याकाळी विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मला वाटलं तुला तिकडचं चिनी खाणं आवडायला लागलंय. आई म्हणाली तसं." त्यांच्यावर चिडता येईना. पण त्या दिवसांत भातावरचं तूप खाणारा माणूस म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, ते बघणं पुढे बरीच वर्षं गेलं नाही.

केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते शत्रूकडून होत नाही. शत्रूच्या हाताखाली आपण मान देतच नाही. मला पिपाचं तेव्हा तेवढं वाटलं नव्हतं; ती परकी, तिचा धंदा. पण पिपाला आमच्या 'पुरे'चा अर्थ आमच्याच ताटावर बसून कळला होता, आणि तो माझ्यावर कसा वापरायचा हे माझ्याच आईने तिला करून दाखवलं. मला कुणी कोंडलं असतं, मारलं असतं, तर मी भांडले असते. पण मला माझ्याच चांगल्या वळणाने उपाशी ठेवलं, आणि मी त्यांच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढत होते. या गोष्टीचा राग मला आज, हे लिहितानाही येतोय. लेखणी जरा बाजूला ठेवून पाणी पिऊन आले.

तरी मी काम सोडलं नाही. लंडन खरंच होतं ना त्यात! आईचं वागणं गेलं खड्ड्यात, पण मला बेतायला शिकायचं होतं, आणि ते दार या जिन्यावरूनच उघडत होतं. दुसऱ्या दिवशी पिपाला सरळ विचारलं. ती अजिबात ओशाळली नाही. माझे दोन्ही गाल धरून म्हणाली, "कळलं का तुला? बरं झालं. आता आपण तिघी मिळून करू." तेव्हापासून मी कळून सवरून भुकेली राहिले. आई वाढायची तेवढं खायचं, बोलायचं नाही. तिकडे पिपाचं नशीब उघडत होतं. ऑर्चर्ड रोडच्या दुकानाने तिचे कोट खिडकीत लावले, मग लंडनचे कुणी खरेदीदार आले, त्यांनी बाहीत हात घालून बघितले, खांदे चाचपले. कुठल्याशा इंग्रजी मासिकात लिहून आलं की या बाईचे कपडे दुकानातून उचलून घातले तरी अंगावर बेतल्यासारखे बसतात. पिपाने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "हे तुझं कौतुक आहे बरं का." माझी छाती फुगली, आणि लगेच मी श्वास सोडला, माप बदलेल म्हणून.

मग लंडनहून एक लाकडी खोका आला. सकाळची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला, खालच्या कॉफीच्या दुकानातून कपबशांचे आवाज येत होते. पिपाने स्वतः पट्ट्या उचकटल्या, भुसा बाजूला केला आणि आतून लोखंडी पायावरचं एक धड बाहेर काढलं. तागाच्या रंगाच्या कापडाने मढवलेलं, मान तिथेच संपलेली. पिपाने ते खिडकीपाशी नेऊन ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. मला क्षणभर काही समजेना. मग दिसलं. माझा डावा खांदा जन्मापासून किंचित उतरलेला आहे, त्याचाही होता. पाठीला कमरेच्या वर जी खळी पडते, ती होती. दोन वर्षं दर आठवड्याला घेतलेली मापं ती तिकडे पाठवत होती, आणि तिकडच्या कारागिरांनी मला भुसा आणि कापसातून उभी केली होती. आंटी टान मशीनवरून उठली नाही. तिने मान खाली घातली.

"हिला भूक लागत नाही," पिपा कौतुकाने म्हणाली, "हिचं लग्न होत नाही, ही म्हातारी होत नाही. आता तू मोकळी. घरी जा आणि आईला म्हणावं, वाढा काय वाढायचं ते." पुढच्या महिन्यात ती लंडनला परत चालली होती. तिकडे जागा घेऊन झाली होती, माणसं ठरली होती.

"आणि मी?" मी विचारलं. "मला न्यायचं होतं ना?"

तिने पुतळ्याच्या उतरत्या खांद्यावर हात ठेवला. "नेतेच आहे की तुला," ती म्हणाली आणि हसली. माझ्याकडे बघत राहिली, मीही हसावं म्हणून.

मला वाटतं, तिच्या मते ते चांगलं वाक्य होतं. दुष्टपणाने बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. बेतण्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "त्याला वर्षं लागतात गं, आणि तुझी हुशारी अंगात आहे, हातात नाही." मग तिने हँगरवरून एक लिननचा कोट काढला, माझ्या दंडावर घातला, म्हणाली, माझी आठवण. तो मी जिन्याच्या कठड्यावर ठेवून खाली उतरले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आम्ही शाळेत नुसती पाठ केली होती. हातात हुशारी नाही म्हणालेल्या बाईचे शब्द उराशी धरून मी पुढे बेतायला शिकले, रात्रशाळेत, नोकरी करता करता, आणि एका युनिफॉर्मच्या कारखान्यात बेतणी खात्याची मुख्य झाले. या बेटावरच्या किती शाळकरी पोरांच्या चड्ड्या माझ्या हातच्या होत्या, देवाला ठाऊक. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी मरीन परेडपर्यंत चालत गेले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आई जेवणाची तयारी करत होती. मी सांगितलं. पिपा चालली, मला नेत नाही, माझ्या मापाचा पुतळा नेतेय. पुतळा म्हणजे काय, हे तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, आता ती रडेल. किंवा पिपाला शिव्या देईल. निदान "चुकलं माझं" म्हणेल. खरं सांगते, त्या वेळी म्हणाली असती तर मी सगळं विसरले असते, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला विसरायला कितीसं लागतं. शेजारी सोंगट्या खळखळत होत्या. आईने पातेल्यावरचं झाकण काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं.

"शुभे," ती हळूच म्हणाली, "तू अजून थोडी उतरलीस तर?"

मला कळेना ती काय म्हणतेय.

"मी फोन करून विचारू का त्यांना? पुतळा आहे तेवढाच राहणार. तो काही कमी होऊ शकत नाही. तू होऊ शकतेस."

ती माझ्याकडे इतक्या आशेने बघत होती की मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी पुढे होऊन तिच्या हातातला डाव काढून घेतला. ताट घेतलं, भात वाढून घेतला, आमटी घेतली, फडताळातून तुपाचं भांडं काढून त्यावर तूप घेतलं, आणि टेबलाशी बसून तिच्यासमोर जेवले. ती ओट्याला टेकून उभी होती. मी पुन्हा उठून पुन्हा वाढून घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात पातेली टेबलावर यायला लागली. ज्याने त्याने आपापलं घ्यायचं. मंडळातल्या बायका आल्या की म्हणत, छान केलंत हो, बुफे ठेवलात, उगाच आग्रहाचं लोढणं नको. आई म्हणायची, हो ना, सोयीचं पडतं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, मी माहेरी यायची, आई थकली, तिचे हात थरथरायला लागले, तरी पानं घेतली की ती डाव उचलायची आणि माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबायची. मी हात पुढे करायची. ती डाव माझ्या हातात द्यायची आणि आपल्या जागेवर जाऊन बसायची.